तान्ह्यांसाठी दुपारचा एक तास द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या बेळगावातल्या जलतरण तलावांवर पाय ठेवायला जागा नसते. चौकाचौकांत शिबिरांचे फलक लागतात. लहान गट, मोठा गट, महिलांची बॅच, पहाटेची बॅच, सगळं त्यावर असतं. ज्यांचा या फलकांवर कधीच उल्लेख नसतो अशा एका गिऱ्हाइकाबद्दल मला लिहायचं आहे. वय सात-आठ महिने. चालता येत नाही, बोलता येत नाही, पण पाण्याची बादली दिसली की हातपाय आवरत नाहीत. अशी एक आमच्या घरी आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी खानापूर तालुक्यात आरोग्य सहायिका म्हणून नोकरी केली. वाड्या-वस्त्यांवर लोक मला 'सिस्टर' म्हणायचे, अजूनही बाजारात कुणी भेटलं तर तीच हाक येते. निवृत्तीनंतर शहापूरला मुलाकडे असते. मुलगा पट्टीचा पोहणारा. पोरगी जन्मली तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच खूळ, हिला कधी एकदा पाण्यात नेतो. सूनबाई निपाणीकडची, तिला पोहता येत नाही. मलाही येत नाही. आमच्या लहानपणी भावांच्या पाठीला सुका भोपळा बांधून त्यांना विहिरीत सोडायचे आणि आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे राखत बसायचो. मलप्रभेच्या काठावर जन्म काढला, पण पाण्यात घोट्याच्या वर कधी गेले नाही. त्यामुळे नातीला तलावावर न्यायचं म्हटल्यावर घरात दोन तट पडले आणि मी नक्की कोणत्या बाजूला आहे हे बरेच दिवस कुणाला कळेना.

गल्लीचं मत मात्र लगेच कळलं. "एवढ्याशा पोरीला घेऊन तलावाला निघालासा? न्हाणीघरात पाणी कमी पडतंय काय?" असं एकीनं विचारलं. शेजारच्या अज्जींनी "कूसिगे थंडी आगतैति री" म्हणून पोरीच्या डोक्यावरचं टोपडं आणखी खाली ओढलं. त्यांचं म्हणणं बाळाला थंडी वाजेल एवढंच होतं. आणि खरं सांगते, सगळ्या गल्लीत मुद्द्याचं बोलल्या त्या अज्जीच.

कारण तान्ह्या बाळाला पोहायला नेण्यातला पहिला प्रश्न बुडण्याचा नाही, गारठण्याचा आहे. बाळाच्या वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचा पसारा मोठा असतो, त्यामुळे अंगातली ऊब झपाट्यानं निघून जाते. मोठी माणसं कुडकुडून ऊब तयार करतात, तान्ह्यांना ते नीट जमत नाही. म्हणून बाळ थरथरत नाही, याचा अर्थ त्याला गार वाटत नाही असा होत नाही. ओठ निळसर दिसू लागले, कातडीवर जाळीसारखी नक्षी उमटली, खेळणारं पोर एकदम गप्प झालं, की समजावं. स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंश ठेवतात, कारण तिथे पोहणाऱ्याचं अंग तापलेलं असतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र ३२ अंशांच्या आसपासचं पाणी लागतं आणि त्याहून मोठ्या बाळालाही ३० च्या खालचं नको. आपल्याकडे बाळ जन्मल्यापासून पायांवर घेऊन, तेल लावून, कढत पाण्यानं शेकून काढतात, वर ओवा-वावडिंगाची धुरी देतात. त्या सवयीच्या पोराला उचलून एकदम २६ अंशांत बुडवलं तर ते भोकाड पसरणारच. आणि मग लोक म्हणणार, "बघा, पोरीला पाण्याची भीती आहे."

मुलगा थर्मामीटर घेऊनच गेला होता. सकाळची वेळ. मोठ्या तलावात पारा २६ वर थांबला. तिथल्या माणसाला विचारलं, रोज तापमान घेता का? तो हसला. "मावशी, पाणी गारच असतंय की. गरम पाहिजे तर घरात अंघोळ करा." तलावाचं नाव मी लिहीत नाही, कारण हा प्रश्न एकाच तलावाचा नाही. शिवाय तो माणूस भला होता. पोरीला बसायला त्यानं आपली खुर्ची दिली. त्या दिवशी आम्ही पोरीला पाण्यात उतरवलं नाही. कठड्यावर बसून तिनं मोठ्या मुलांच्या उड्या बघितल्या आणि प्रत्येक उडीला टाळ्या वाजवल्या.

पुढे मुलाच्या लक्षात आलं की बाजूचा लहान मुलांचा उथळ तलाव, जेमतेम दोन फुटांचा, दिवसभर उन्हात असतो. उथळ पाणी लवकर तापतं, हे आपल्या परड्यातल्या हौदात हात घालणाऱ्या कुणालाही माहीत आहे. एप्रिलमधल्या दुपारी साडेचारला जाऊन त्यानं पारा बघितला तर ३१ च्या थोडा वर. ऊन कलून भिंतीची सावली अर्ध्या पाण्यावर आलेली. काहीही खर्च न करता, बॉयलर न बसवता, बाळाला लागतं तसं पाणी आपल्याच गावात तयार होतं आणि ते कुणी वापरत नाही. नाही, वापरतात. त्या वेळी तिथे दहा-बारा वर्षांची पोरं उड्या मारत असतात, कारण मोठ्या तलावात बॅच चालू असते. या पत्राचं खरं कारण ते आहे.

पहिल्या दिवशी काय केलं ते सांगते, म्हणजे नव्या आईबापांना उपयोग होईल. घरातून निघताना माझ्यातली आजी तेलाची वाटी घेऊन उभी होती, माझ्यातल्या सिस्टरनं ती परत ठेवली. तलावावर जाताना बाळाला तेल अजिबात लावू नये. तेलकट अंग ओलं झालं की हातातून निसटतं आणि पाण्यावरही तवंग येतो. गळ्यातला काळा दोरा, ताईत, मनगट्या, वाळे सगळं काढून ठेवलं. गळ्यातली कुठलीही वस्तू पाण्यात अडकली की फास बसू शकतो. तीट मी लावू दिली, ती पहिल्या दोन मिनिटांत विरघळून गालावर आली. दूध पाजून तासभर होऊ दिला होता. पोट तुडुंब भरलेलं नको आणि पोर भुकेनं किरकिरंही नको.

नेहमीचा डायपर पाण्यात घालू नये. तो पाणी शोषून टरारून फुगतो आणि पोराला त्याचंच ओझं होतं. पोहण्यासाठीचा वेगळा डायपर मिळतो. तो शी अडवतो, शू नाही. ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. जुलाब होत असतील तर तलावाचं नावच काढू नये, थांबल्यावरही निदान दोन दिवस जाऊ द्यावेत. क्लोरीन बहुतेक जंतू मारतं, पण जुलाबाचा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जिवंत राहतो. एका पोराचं दुखणं सगळ्या तलावाला लागतं. आणि तलावावर नाकाला झोंबणारा जो वास येतो, तो स्वच्छतेचा वास असं समजू नका. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळलं की तो तयार होतो. वास जास्त असेल तर तान्ह्या बाळाला घेऊन तिथून परत फिरावं.

डोस पूर्ण झाल्याशिवाय पोहायला नेऊ नये, असं एका ओळखीच्या बाईंनी ठासून सांगितलं. लसीचा आणि तलावाचा काही संबंध नाही. लस घेण्याआधी किंवा घेतल्यानंतर बाळाला पोहायला नेता येतं. लस घेऊन अंगात ताप असेल तर त्या दिवशी नको, एवढंच.

मुलगा आधी पायरीवर बसला आणि पोरीला मांडीवर घेतलं. तिचे पाय पाण्यात, मग कंबर. तिनं पाण्यावर थाप मारली, पाणी डोळ्यांत गेलं, चेहरा वाकडा झाला. आता रडते की काय म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून, तर तिनं दुसरी थाप मारली. मग त्यानं तिला काखेत धरून आपल्याकडे तोंड करून पाण्यात घेतलं आणि स्वतः गुडघ्यांवर खाली बसला. बाळाचे खांदे पाण्याखाली राहिले पाहिजेत, नाहीतर ओल्या अंगाला वारा लागून गार पडतं. तिची नजर बापाच्या तोंडावरून हलत नव्हती. बाप हसला की ती हसायची. दहा मिनिटांत बाहेर काढलं. पोर अजून उसळत होती तरी काढलं. पहिल्या वेळी एवढं पुरे, पुढे हळूहळू वीस मिनिटं, आणि कितीही रमलं तरी अर्ध्या तासाच्या वर नाही. सुनेनं तिला पंच्यात गुंडाळलं, टोपडं घातलं, आणि तिथल्या तिथे पाजायला घेतलं.

कुठे पाजलं? गाडीत. कारण तलावावर बाईला बसायला आणि बाळाचे कपडे बदलायला कोरडी, आडोशाची जागाच नाही. एक लाकडी बाकडं आणि एक पडदा एवढंच लागतं. पुरुषांच्या बाजूलाही लागतं, कारण आता बाप पोरांना घेऊन येतात, आणि येऊ द्यावेत.

आता दुसऱ्या तटाबद्दल, म्हणजे मोबाईलवाल्यांबद्दल. चार महिन्यांच्या बाळाला पाण्यात सोडून देतात आणि ते तरंगतं, अशा चित्रफिती सध्या घरोघरी फिरतात. माझ्या सुनेच्या मोबाईलवरही आल्या. पाणी तोंडावर आलं की तान्ह्या बाळाचा घसा आपोआप बंद होतो, श्वास थांबतो, हातपाय हलतात. ही उपजत प्रतिक्रिया आहे, पोहणं नव्हे, आणि सहा महिन्यांच्या पुढे ती ओसरत जाते. घसा बंद झाला तरी पोटात पाणी जातच असतं. फार पाणी गिळलं गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन बाळाला आकडी येऊ शकते. म्हणून कुणी प्रशिक्षक "बुडवून काढतो, काही होत नाही" म्हणाला तर पोर त्याच्या हातात देऊ नये.

गळ्यात घालायच्या हवेच्या रबरी चकत्या ऑनलाइन मिळतात, त्या तर आणूच नयेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ मध्ये तान्ह्या बाळांच्या अशा चकत्यांबद्दल जाहीर इशारा दिला, कारण त्या वापरताना एक बाळ दगावलं होतं. दंडाला लावायचे फुगेसुद्धा खेळणीच. त्यांच्या भरवशावर पोराला सोडून मोबाईलमध्ये डोकं घालणारे आईबाप मी या उन्हाळ्यात बघितले आहेत. पाण्यात पोर असेल तेव्हा एक हात अंतरावर मोठं माणूस पाहिजे आणि त्या माणसाच्या हातात काही नको.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की पोहण्याचे धडे एक वर्षाच्या पुढे द्यायला हरकत नाही, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये त्यामुळे बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो. एक वर्षाच्या आत शिकवल्यानं धोका कमी होतो असा पुरावा नाही. मग आठ महिन्यांच्या पोरीला न्यायचंच कशाला, असं तुम्ही विचाराल. गंमत म्हणून, बापाच्या अंगावर खेळायला म्हणून, पाण्याची ओळख म्हणून. एवढं कारण मला पुरे वाटतं. पण आमची पोरगी आता पाण्याला घाबरत नाही म्हणजे ती सुरक्षित झाली, असं मानणारी मी नाही. उलट, आता घरात जास्त लक्ष ठेवावं लागतं.

हे जरा सविस्तर लिहिते, कारण नोकरीत हे दुःख मी जवळून बघितलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुलं होती. तान्ही पोरं तलावावर कमी आणि घरातच जास्त सापडतात. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी शहराला येतं, पण अनेक गल्ल्यांत ते रोज येत नाही. म्हणून आपण बॅरल भरतो, बादल्या भरतो, अंगणातल्या संपाचं, म्हणजे जमिनीतल्या टाकीचं, झाकण अर्धवट सरकवून पाईप सोडतो. धरून उभं राहायला शिकलेलं पोर बादलीत वाकून बघतं. त्याचं डोकं अंगाच्या मानानं जड, तोल गेला की परत वर येता येत नाही. त्याला काही इंच पाणी पुरतं. आवाज होत नाही, हातपाय मारल्याचा धडपडाट होत नाही. आई स्वयंपाकघरात असते आणि तिला काही ऐकू येत नाही. रिकामी बादली पालथी घाला, न्हाणीघराला वरच्या बाजूला कडी लावा, संपाच्या झाकणाला कुलूप लावा. तलावाची फी भरण्याआधी हे करा.

आणि कुणी पाण्यातून बेशुद्ध काढलंच तर त्याला उलटं धरून, पोट दाबून पाणी काढत बसू नका. खेड्यांत अजून हेच करतात आणि त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर आधी श्वास द्यायचा. तान्ह्या बाळाला देताना त्याचं तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडात घ्यायचं, छाती वर उचलली जाईल एवढीच हळू फुंकर, अशा पाच. मग छाती दाबायची आणि मधून मधून श्वास देत राहायचं, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. सोबतच्या माणसानं १०८ ला फोन लावायचा. तलावावरच्या जीवरक्षकांना हे येतं का, हे पालकांनी विचारावं. आम्ही विचारलं तेव्हा त्या पोरानं मोठ्या माणसाचं बरोबर सांगितलं, बाळाचं मात्र माहीत नव्हतं. त्याला शिकवलेलंच नाही, त्यात त्याचा काय दोष? शहरात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, परिचारिका महाविद्यालयं आहेत. तलावांच्या कर्मचाऱ्यांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण देणं अवघड नाही. २५ जुलैला जागतिक बुडणे प्रतिबंध दिन असतो, फोटो काढण्यापेक्षा त्या दिवशी ते करता येईल. मला बोलावलं तर मीही येईन.

महापालिकेला आणि खासगी तलावचालकांना माझं मागणं मोठं नाही. उथळ तलाव दुपारी चार ते पाच फक्त तीन वर्षांच्या आतली मुलं आणि त्यांच्या आईबापांसाठी ठेवावा. रोज नको, आठवड्यातून दोन दिवस चालतील. फळ्यावर त्या दिवशीचं पाण्याचं तापमान, क्लोरीन आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे की अल्कली त्याचा आकडा, लिहावा. पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये असावा, तो वर गेला की क्लोरीन टाकूनही त्याचा जोर कमी पडतो. फळा कन्नडमध्ये लिहा, इंग्रजीत लिहा आणि खाली मराठीतही दोन ओळी लिहा. त्यावरून वाद उकरायला हे पत्र नाही, उचगाव-येळ्ळूरहून आलेल्या आईला तो वाचता यावा एवढंच. आणि ते बाकडं, पडदा.

बाळाच्या निमित्तानं आईही पाण्यात उतरते, हा फायदा मी धरलाच नव्हता. दोन फूट पाण्याला घाबरायचं कारण नाही म्हटल्यावर आमची सून उतरली, आणि आता महिलांच्या बॅचची चौकशी करून आली आहे. "आई, तुम्ही पण चला," म्हणते. माझं अजून ठरलेलं नाही. गुडघे दुखतात, खरं पाण्यात दुखत नाहीत म्हणे.

आम्ही ज्या तलावावर जातो तिथे मुलानं या तासासाठी लेखी अर्ज दिला आहे. व्यवस्थापकांनी "आणखी चार पालकांच्या सह्या आणा, बघू" असं सांगितलं. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी आपापल्या तलावावर असाच अर्ज द्यावा. जूनमध्ये पाऊस लागला की उथळ पाणीही गार पडेल आणि मग पुढच्या मार्चपर्यंत हा विषय कुणाला आठवणार नाही. म्हणून निर्णय याच महिन्यात व्हावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
शहापूर, बेळगाव